सनईच्या कॅसेटची दुसरी बाजू

मंदाकिनी खांबेटेला हल्ली सकाळी आधी थकवा येतो आणि मग जाग येते. नौपाड्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या घरात दिवस सुरू होतो तो विश्रामला कुशीवर वळवण्यानं. विश्राम म्हणजे तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. ऐकू सगळं येतं, कळतंही सगळं, बोलता मात्र एक अक्षर येत नाही. त्याचं पुसणं, भरवणं, गोळ्या, मालिश, चादरी यांत बाईचा दिवस संपतो. मधूनमधून लोक भेटायला येतात आणि जाताना दारात चपला घालत म्हणतात, ‘धन्य आहे हो तुमची.’ धन्य म्हणायला काय जातं? त्या धन्यवाल्यांपैकी एकीनं ‘तू जरा पड, मी बसते तासभर’ असं म्हटलं असेल तर शपथ. मुलगा सलिल बंगळुरूला. तो रोज फोन करतो आणि ‘आई, स्वतःची काळजी घे’ असं सांगतो. कळव्याहून मालन नावाची बाई मदतीला येते, तिचाच काय तो खरा आधार.

तर ऑक्टोबरातल्या अशाच एका चिकट सकाळी, सोसायटीच्या ग्रुपवर शुभ सकाळचे गुलाब आणि टाकी धुण्याची सूचना यांच्यामध्ये एक आवाजाची फीत येऊन पडली. खाली लिहिलं होतं : ‘सापडली! आंजर्लेकरबुवांची नौपाड्यातली दिवाळी पहाट!’

मंदाकिनीनं ते वाचलं आणि गॅस बंद केला. दूध ओतू गेलंच.

सदाशिवबुवा आंजर्लेकर हे नाव आता नातवंडांना सांगून कळायचं नाही, पण एके काळी पानाच्या ठेल्यापासून डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत रेडिओवर तोच आवाज असायचा. एवढा मोठा गवई, पण दिवाळी पहाटेला कधी गायला नाही. ‘अंघोळीच्या वेळी गाणी ऐकायची तर नळ ऐका,’ म्हणायचा. सत्त्याऐंशी सालच्या नरकचतुर्दशीला मात्र नौपाड्यातल्या मंडळानं काय जादू केली कोण जाणे, बुवा आले. शाळेच्या मैदानात मांडव, पणत्या, नव्या साड्यांचा वास, अंगाला अजून उटणं-तेल लागलेली मंडळी मांडी घालून बसलेली. पुढच्या फाल्गुनात बुवा वारले, आणि ती पहाट एकमेव ठरली. कुणीतरी रेकॉर्ड केलं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. रेकॉर्डिंग कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दर दिवाळीला चकलीचा तुकडा मोडता मोडता ठाणेकर त्या पहाटेसाठी हळहळायचे.

त्या पहाटे स्टेजवर बुवांच्या मागे डाव्या अंगाला तानपुरा घेऊन जी मुलगी बसली होती, ती मंदाकिनी.

वय तेव्हा तेवीस. विमलाबाईंच्या गाण्याच्या वर्गातली ती सगळ्यांत पुढची विद्यार्थिनी. तानपुऱ्यावर खरं तर विमलाबाई स्वतःच बसायच्या, पण त्यांच्या भावाला पुण्यात बरं नव्हतं म्हणून त्या तिकडे गेल्या आणि जाताना म्हणाल्या, ‘मंदा, तू बस. तुझा कान माझ्यापेक्षा बरा आहे.’ मंदाकिनीनं अंधारात उठून शाळेच्या वर्गात तानपुरा जुळवला, मग मैदानातल्या गारव्यात नेऊन पुन्हा जुळवला. बुवांनी एकदा कान देऊन ऐकलं, मान हलवली आणि गायला सुरुवात केली.

पहिलं झालं, छान झालं. दुसऱ्यात, ऐन रंगात, बुवा अचानक थांबले. मागे वळले, हात लांब करून तिच्या तानपुऱ्याच्या तारांवर पंजा ठेवला आणि माइकवरून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘बाई, तानपुरा जुळवायला शिकला आहात, की नुसता धरायला?’

मांडव हसला. वाईट हसला असं नाही, मोठा माणूस काही बोलला की लोक हसतात तसा हसला. पण मंदाकिनीच्या कानात ते हसू जे शिरलं ते शिरलंच. तिनं तानपुरा हलकेच आडवा ठेवला, मागच्या पडद्यातून उतरली आणि रांगोळ्या चुकवत घरी गेली. दारात आईनं विचारलं, ‘एवढ्यात संपलं?’ ती म्हणाली, ‘माझं संपलं.’

ते मात्र खरं ठरलं. ती वर्गात परत गेली नाही. विमलाबाईंनी एकदा निरोप पाठवला, तिनं उत्तर दिलं नाही. बाजारात कुणी बघून हसलं तरी तिला वाटायचं, हीच ती बेसूर तानपुरावाली, असंच म्हणत असतील. लग्न ठरलेलंच होतं, तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त. नवरा मुलगा विश्राम, बँकेतला, शिकलेला, आणि त्या मंडळाचा सेक्रेटरीही. बुवांना आणण्यासाठी दादरला खेटे घालणारा तोच. दिवाळीत फराळाला आला तेव्हा त्यानं एवढंच म्हटलं, ‘मनाला लावून घेऊ नका. मोठी माणसं अशीच असतात.’ तिला तेव्हा तो फार समंजस वाटला. पुढे जन्मभर त्या पहाटेचा विषय निघाला की विश्राम अलगद विषय बदलायचा, क्रिकेटवर न्यायचा, पाण्याच्या वेळांवर न्यायचा. बायकोचं दुखणं झाकतोय, किती जपतोय, असं तिला वाटायचं.

वाईट नव्हताच विश्राम. दारू नाही, तंबाखू नाही, आवाज चढवणं नाही. सासूबाईंचं आजारपण, सलिलचं शिक्षण, तिची शाळेतली भूगोल शिकवायची नोकरी, सगळं त्यानं नीट निभावून नेलं. पदरी पडलं आणि खरोखर पवित्र झालं, असं म्हणायला हरकत नव्हती. फक्त घरात गाणं नव्हतं. शाळेत एकदा संगीताच्या बाई आल्या नाहीत म्हणून मुख्याध्यापिकांनी मंदाकिनीला प्रार्थना सांगायला पुढे बोलावलं. ती म्हणाली, ‘मला सुरांतलं काही कळत नाही.’ आणि मुलींच्या रांगेमागे तोंड मिटून उभी राहिली. निवृत्त होईपर्यंत रोज तशीच उभी राहिली.

पण आत एक किडा होता. तानपुरा खरंच उतरला होता का? दव पडलं होतं, गारवा होता, तार ढिली पडू शकते. पण तिनं दोनदा जुळवला होता. मग बुवा चुकले? एवढा मोठा माणूस? भांडी घासताना, बसची वाट पाहताना, आता विश्रामच्या पाठीला पावडर लावताना, ती ते जुळवणं पुन्हा पुन्हा आठवायची. मरायच्या आधी एवढंच कळावं असं तिला वाटायचं. दुसरं काही मागणं उरलं नव्हतं.

म्हणून तिनं ती फीत कानाला लावली. बुवांचा आवाज आला, तोच. पण खाली काहीच नव्हतं. नुसता गळा, अधांतरी. तबला होता, पेटी होती, तानपुरा नव्हता. तिनं पुन्हा ऐकलं. तानपुरा नव्हताच.

फितीखाली नंबर होता. फोन उचलला केदार नावाच्या मुलानं. हा घोडबंदर रोडला राहतो, जुन्या कॅसेटी साफसूफ करून संगणकावर घेतो. कॅसेट त्याला दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्या प्राची नावाच्या बाईंनी दिली होती. प्राचीचे सासरे महिपत, त्यांचं साउंड सर्व्हिसचं काम होतं : दोन भोंगे, एक अँप्लिफायर आणि सनईच्या डझनभर कॅसेटी. दिव्याला पाणी येतं एक दिवसाआड, म्हणून प्राचीनं माळ्यावर टाकी बसवायला काढली आणि माळा रिकामा करताना कॅसेटींचं खोकं निघालं. टाकून द्यायच्या आधी तिनं एकेक वाजवून बघितली. एकीत सनई संपली, ती उलटी घातली, तर बुवा.

झालं होतं असं, की त्या पहाटे महिपत कोरी कॅसेट आणायला विसरले. सनईच्या कॅसेटची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर त्यांनी बुवांना घेतलं. दिवाळी सरली आणि लग्नसराई लागली. बाराही कॅसेटी सारख्याच दिसणाऱ्या, बाराहीमध्ये सनई. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत किती लग्नांत, किती मुंजींत, किती सत्यनारायणांत ती कॅसेट वाजली असेल. सनई संपली की बटण दाबून मागे न्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. उलटून कोण बघतो? कुणी विचारलं तर महिपत म्हणायचे, ‘घेतलेली साहेब मी, पण कुठं गेली काय म्हाईत.’ मेल्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होती.

‘बाकी सगळं छान आहे,’ मंदाकिनी फोनवर म्हणाली, ‘पण त्यात तानपुरा ऐकू येत नाही.’

‘अच्छा, ते होय काकू? कॅसेट खूप जुनी ना, खाली सारखं घूंऽ घूंऽ चाललेलं. सॉफ्टवेअरनं साफ केलं मी. सगळे करतात.’

‘ते घूं घूं मी होते,’ मंदाकिनी म्हणाली.

केदार हळूच म्हणाला, ‘सॉरी काकू. मशीनला कळत नाही ना, विजेची घरघर कुठली आणि तानपुरा कुठला. पण ओरिजिनल आहे माझ्याकडे. पाठवू का लगेच?’

‘नको. मीच येते.’

घरात ऐकायचं नव्हतं तिला. कुकरच्या शिट्ट्या, दाराची बेल, आणि निकाल वाईट लागला तर विश्रामच्या डोळ्यांतली ती कीव. मालनला सगळं दोनदोनदा सांगून, गोळ्या वाटीत काढून ठेवून ती रिक्षात बसली. माजिवड्याला जी गर्दी लागली ती कापूरबावडी ओलांडेपर्यंत सुटली नाही. रिक्षावाला मेट्रोवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मंदाकिनीला राग आला नाही. इतका वेळ कुणी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. ती चक्क झोपली, आणि रिक्षावाल्यानं हाक मारली तेव्हा तिला क्षणभर वाईट वाटलं.

केदारचं ऑफिस म्हणजे खूप वरच्या मजल्यावरच्या घरातली एक बेडरूम, भिंतींना काळा स्पंज लावलेला. पोरगा सभ्य होता. पाण्याचा ग्लास दिला, मोठे हेडफोन स्वतः तिच्या कानांवर नीट बसवले आणि म्हणाला, ‘मधे मधे बंद करून घेतलंय त्यांनी, पण दोन्ही भाग आहेत थोडेथोडे. कुठून लावू?’

‘पहिल्यापासून.’

आधी खरखर. मग त्या खरखरीच्या आतून तानपुरा आला. तिचा हात. तेवीस वर्षांची बोटं, एकामागून एक चार तारा, पुन्हा चार तारा, कुठेही घाई नाही. मंदाकिनीनं डोळे मिटले. पहिलं गाणं झालं. दुसरं सुरू झालं. ती जागा जवळ आली. बुवा वर गेले, फिरले, षड्जावर यायला निघाले आणि आले. आले ते खाली आले. केसभर खाली. तानपुरा जिथल्या तिथे होता. बुवांनाही ते ऐकू आलं असणार, कारण त्यांनी पुन्हा षड्ज लावला, आणि तोही तसाच लागला. मग थांबणं, मग तारांवर पंजा पडल्याचा आवाज, मग ते वाक्य, मग हसू.

वड्याचं तेल वांग्यावर काढलं होतं बुवांनी.

केदारनं पुन्हा लावलं, तिनं पुन्हा ऐकलं. तेच. तिला वाटलं होतं, हे कळलं की आनंद होईल, निदान रडू तरी येईल. काहीच आलं नाही. फार दिवस उचलून धरलेलं ओझं कुणी काढून घेतल्यावर हात जसे नुसते लोंबतात, तसं तिला झालं. एवढंच होतं तर. एवढ्यासाठी. तिनं हेडफोन काढायला हात वर नेले.

‘थांबा ना काकू,’ केदार म्हणाला. ‘पुढे बुवा बोललेत त्याबद्दल. तुम्हाला माहीत असेलच म्हणा.’

‘काय बोलले?’

केदारनं पुढचा भाग लावला.

चहानंतरचा भाग असावा तो. मांडव पांगल्यासारखा वाटत होता. ऊन यायला लागलं की लोक फराळाला घरी पळणारच. बुवांनी घसा खाकरला. ‘मंडळी, भैरवीआधी एक सांगायचंय. मघाशी तानपुऱ्यावरच्या मुलीला मी बोललो. तानपुरा चोख होता. माझाच गळा उतरला, आणि मला लाज वाटली. लाज वाटली की माणूस दुसऱ्यावर ओरडतो. ती आहे का इथे?’

कुणीतरी लांबून म्हणालं, ‘गेली हो घरी.’

‘ओळखतं का तिला कुणी?’

‘मी, बुवा. मी ओळखतो.’

मंदाकिनीनं हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले. तो विश्रामचा आवाज होता. कोवळा, जरा चढा, माइकजवळ आल्यामुळे लाजलेला. दोन वर्षं तो आवाज तिनं ऐकला नव्हता, पुन्हा कधी ऐकू येईल ही आशाही सोडून दिली होती. एक क्षण तिला नुसता आनंद झाला.

‘मग तिला माझं नाव घेऊन सांगा,’ बुवा म्हणाले, ‘तानपुरा असा जुळवणारं फार दिवसांत कुणी भेटलं नाही. दिवाळी झाली की दादरला माझ्याकडे ये म्हणावं. मी शिकवीन. माझं किती राहिलंय ठाऊक नाही, पण जेवढं राहिलंय तेवढं शिकवीन.’

‘हो बुवा,’ विश्राम म्हणाला. ‘सांगतो. आजच सांगतो.’

मग भैरवी लागली. ती मंदाकिनीनं ऐकली नाही. फराळाला आलेला विश्राम तिला दिसत होता, ताटातली चकली मोडणारा, ‘मनाला लावून घेऊ नका’ म्हणणारा. तोच तो दिवस. आणि उरलेल्या मंडळींना काय, त्यांनी ऐकलं की नवरा मुलगाच सांगणार आहे, मग आपण कशाला तोंड घाला? विमलाबाईही म्हणाल्या असतील, आता बुवांकडे जाते, म्हणून आपल्याकडे येत नाही. पुढे मार्गशीर्षात लग्न झालं, तेव्हा साउंडला महिपतच होते. अंतरपाट धरला तेव्हा सनई चालू होती. त्या बारांतली कुठली, देव जाणे.

‘काकू,’ केदार जपून म्हणाला, ‘नरकचतुर्दशीला हे सगळं लोकांसाठी टाकायचंय. बुवांच्या घरच्यांचं म्हणणं, हे बोलणं ठेवायचं का काढायचं ते त्या तानपुरावाल्या बाई सापडल्या तर त्यांनाच विचारा. तर काय करू? ठेवू?’

‘उद्या सांगते,’ मंदाकिनी म्हणाली.

परतीच्या रिक्षात झोप आली नाही. तिथे बसून तिनं विश्रामची वकिली केली, दुसरं कोण करणार होतं? लग्नाची धावपळ होती. मंडळाचे हिशेब होते, मांडव सोडायचा होता, सतरा भानगडी. गडबडीत राहून गेलं असेल. मग चार महिन्यांत बुवा गेले, विषयच मिटला. विसरला असेल. माणूस विसरतो. विसरला असेल तर तिचं काही म्हणणं नव्हतं. ती स्वतः गेल्या आठवड्यात त्याची रक्तदाबाची गोळी विसरली होती. विसरला असेल तर हे सगळं गिळून, जशी आहे तशी म्हातारी व्हायची तिची तयारी होती. तीनहात नाका येईपर्यंत तिनं त्याला जवळजवळ सोडवलंच होतं.

घरी मालन त्याला पेज भरवत होती. मंदाकिनीनं पाय धुतले, साडीला हात पुसले आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली.

‘अहो, बुवांची ती पहाट सापडली. ऐकायची?’

विश्रामचा चेहरा उजळला. डाव्या बाजूनं उजळतो तो, तेवढाच. केदारनं ओरिजिनल तिच्या मोबाइलवर घालून दिलं होतं. तिनं मोबाइल त्याच्या उशाशी ठेवला आणि ते लावलं. बुवा गायला लागले तशी त्याच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर ताल धरू लागली. दुसरं गाणं, ती जागा, ते वाक्य, ते हसू. विश्रामनं मान वळवून बायकोकडे पाहिलं, हळहळून पाहिलं, जन्मभर पाहत आला तसं. खरं सांगायचं तर त्या नजरेनं ती विरघळायला लागली होती.

मग थोडी खरखर झाली आणि बुवांनी घसा खाकरला. ‘मंडळी, भैरवीआधी एक सांगायचंय.’

एवढंच. अजून मुलीचं नाव नाही, तानपुऱ्याचं नाव नाही, कुणाचंच काही नाही. आणि विश्रामचा डावा हात उठला. चमचा धरायला ज्याला मिनिटं लागायची, तो हात झपकन उशाकडे गेला, मोबाइलवर आपटला, काचेवर बोटं घासायला लागला. बंद करायला बघत होता तो. बंद होईना तेव्हा त्यानं मोबाइल ढकलून दिला. तो गादीच्या कडेला येऊन थांबला.

मंदाकिनी ते बघत राहिली. विसरला नव्हता. अडतीस वर्षांत एक शब्द विसरला नव्हता. बुवांनी घसा कुठे खाकरला तेसुद्धा त्याच्या लक्षात होतं.

तिनं मोबाइल उचलला आणि त्याचा हात पोचणार नाही असा खिडकीत ठेवला.

‘ऐका,’ ती म्हणाली.

बुवा बोलले. कुणी लांबून बोललं. मग सत्तावीस वर्षांचा विश्राम खोलीभर स्पष्ट म्हणाला, ‘हो बुवा. सांगतो. आजच सांगतो.’ पलंगावरच्या विश्रामनं डोळे मिटून घेतले.

‘दादरला पाठवायचं नव्हतं, तर नसतं पाठवलंत,’ मंदाकिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता, चढवायला अंगात त्राण नव्हतं. ‘सासरी गाणारी सून नको होती, तसं म्हणायचंत. मी ऐकलंही असतं, तेव्हा सगळंच ऐकत होते. पण मी बेसूर नव्हते, एवढं तरी सांगायचंत हो. मला लाज वाटायची. रोज वाटायची. शाळेत लेकरांसमोर तोंड उघडायची लाज वाटायची, आणि तुम्हाला ते दिसत होतं. इथे माझ्याशेजारी जेवत होता तुम्ही.’

त्याच्या तोंडातून आवाज निघाला, पण त्याला शब्दाचा आकार नव्हता. ती थांबली, दोन वर्षांच्या सवयीनं, काय म्हणायचंय ते ओळखायला. मग तिच्या लक्षात आलं की आज तिला ओळखायचं नाहीये. तिनं मोबाइल घेतला आणि केदारला लिहिलं, ‘ते बोलणं राहू द्या. शेवटपर्यंत, त्या माणसाच्या आवाजासकट. आणि तानपुरा परत घाला.’

विश्रामच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, डाव्यातून जास्त, आणि ते कानात जात होतं. स्वतःचं पाणी पुसायला त्याला येत नाही. मालन दारातून वाकून बघायला लागली, हातात पेजेची वाटी.

‘काकू, काका रडतायत. पुसा ना.’

‘तू पूस,’ मंदाकिनी म्हणाली, आणि खुर्चीतच मागे टेकली. ‘मला आज नाही जमायचं.’